मागच्या आजीचा मेथांबा

कुमुद, तुझी सफरचंदं कालपर्यंत लाँड्रीत होती. वॉशिंग मशीनशेजारी, त्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर तू झाकलेलं जुनं सुती पातळ तसंच. माझी खोली लाँड्रीला लागून, त्यामुळे तू गेल्यापासून मला झोपेतसुद्धा तुझ्या सफरचंदांचा वास येतो. गेलेल्या बाईचा वास तिच्या साड्यांना येतो म्हणतात. तुझा माझ्या उशीला येतो. इतकी वर्षं "नको गं, तुझ्या खोलीत कशाला" म्हणत उंबऱ्यावर उभी राहायचीस, आणि आता न विचारता आत.

भेटायला माणसं येऊन जातात. तुझ्या मृण्मयीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, माझ्या निखिलचे मित्र, मंडळातल्या बायका. सगळ्यांची सुरुवात एकच, "काकू किती हसऱ्या होत्या!" एक तर माझाच हात धरून रडली. तिच्या पाठीवरून हात फिरवताना मनात म्हटलं, बाई गं, माझी विहीण गेलीय, मला रडू दे की आधी. पण विहिणीला विहिणीचं सुतक नसतं. म्हणजे शास्त्रानंच ठरवून टाकलंय की हिला काही झालेलं नाही, चहा हिनंच करायचा. मी चहा करते आणि कान देऊन ऐकते, तुझ्याबद्दल आणखी काय चांगलं बोलतात ते. फार बोलतात. माझ्या वेळी काय बोलतील याची तालीम मी मनात करून पाहिली. "आजी शिस्तीच्या होत्या." झालं. मग लगेच कुणीतरी पार्किंगचं विचारणार.

आणि तुझं ते जाणं! दुपारचा चहा घेतलास, कप विसळून पालथा घातलास, खुर्चीत बसून डोळे मिटलेस. ना हॉस्पिटल, ना नळ्या, ना कुणाला रजा घ्यायला लावलीस. माझ्या एका गुडघ्याच्या ऑपरेशननं या घराला केवढं नाचवलं होतं, आठव. इतकं नीटनेटकं जाऊ नये माणसानं. मागे राहिलेल्यांना आता काय करून दाखवायचं उरलं?

हेवा आजचा नाही. तो या घराच्या आखणीतच आहे. निखिलनं इथे परदेशात, डँडेनॉन्गजवळ हे घर घेतलं तेव्हा दोघा आयांना कायमचं बोलवायचं ठरलं. तुझे यजमान कधीच गेलेले, आमचे हे नुकते. घरात एक खोली मोकळी होती, आणि मागच्या अंगणात ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे एक सुटं छोटं घर. निखिलनं फोनवर विचारलं, "आई, तुला आतली खोली हवी की मागचा फ्लॅट?"

तेव्हाची मी आठवते का तुला? सदुसष्ट वर्षांची पोरगी. गुडघे शाबूत, अक्कल यायची होती. पुण्याहून फोनवर छाती काढून म्हणाली, "मागे? मुलाची आई मागे राहते का? मुलीच्या आईला ठेवा मागे." असा तिनं मान पदरात पाडून घेतला. मानाबरोबर काय मिळालं, तर लाँड्रीशेजारची पेटीएवढी खोली, सकाळी सकाळी धडधडणारं मशीन, आणि सुनेच्या स्वयंपाकघरात "आई, तो डबा तिथे नको हं". तुला अकोल्याहून येताक्षणी मिळालं स्वतःचं दार, खिडकीशी लिंबाचं झाड आणि स्वतःची शेगडी. पहिल्याच आठवड्यात तुझ्या खिडकीतून फोडणीचा वास आला आणि ती मानाची बाई इथे सिंकपाशी उभी राहून चरफडली. बाईनं शेगडी देऊन मान घेतला होता, आणि मानावर फोडणी बसत नाही.

इरा तेव्हा नुकती बोलायला लागलेली. आपल्या नातीनंच आपली बारशी केली. मी फ्रंट आजी, तू बॅक आजी. पुढे शाळेत जायला लागली तरी घरी यायची ती पुढच्या दारानं कधी नाहीच. बाजूच्या फाटकातून थेट मागे, तुझ्याकडे. मी पुढचं दार उघडून उभी, आणि पोरगी तुझ्या ओट्यावर पाय हलवत बसलेली. संध्याकाळी घरात आली की मी अगदी सहज विचारायची, "काय खाल्लंस गं? काय म्हणत होती ती? माझ्याबद्दल काही?" इरा म्हणायची, "नथिंग." या देशातल्या मुलांना तो एक शब्द कोण शिकवतं कोण जाणे.

आता ती अकरा वर्षांची आहे. आणि तुला सांगते कुमुद, अजूनही शाळेतून येताना ती बाजूच्या फाटकानंच जाते. तुझ्या दाराचं कुलूप बघते. मग फेरी मारून पुढून आत येते. मी दारात असते. "काही खायला देऊ?" "नो थँक्स, आजी." अगदी शहाण्या मुलीसारखं, परक्यांशी बोलतात तसं. जेवताना भात चिवडते. आता घरात आजी एकच आहे. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. आणि ती एकटी आजी तिला पुरत नाहीये.

त्यात मृण्मयीनं परवा खोक्याकडे न बघता विचारलं, "आई, ती सफरचंदं ग्रीन बिनमध्ये टाकू का? खराब होतील."

"टाकतेस कशाला? मी मेथांबा करते."

निखिल फोन बघायला लागला. इरानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्या नजरेचा अर्थ मला कळतो. परीक्षेला बसायला निघालेल्या मठ्ठ मुलाकडे आपण असंच बघतो.

तो मेथांबा! त्याचं मूळही माझ्याच तोऱ्यात आहे. इथला आपला पहिला चैत्र. मला हळदीकुंकू करायचं होतं आणि त्याला आंब्याची डाळ हवी होती, आणि डाळीला कैरी. निखिल बिचारा डँडेनॉन्गची सगळी इंडियन दुकानं पालथी घालून फ्रोझन कैरीच्या लगद्याची एक पिशवी घेऊन आला. मी ती पिशवी बघितली आणि डोक्याला बाम लावून आडवी झाले. कैरीसाठी. आदल्या वर्षी नवरा गेला तेव्हा मी इतकी पडून राहिले नव्हते. तेव्हा तू दारात आलीस, उंबऱ्यावरच, हातात वाटी.

"घ्या विहीणबाई. हिरव्या सफरचंदाचा मेथांबा करून पाहिला."

"सफरचंदाचा? मी काय आजारी आहे?"

आमच्या घरी सफरचंद दोनदाच यायचं, कुणी दवाखान्यात असलं की किंवा सत्यनारायणाला. फोडणीत घालतात हे कुणी सांगितलं असतं तर आईनं त्यालाच दवाखान्यात नेलं असतं.

तू म्हणालीस, "आजारी नाही, पण तोंड तं तसंच करून राहिल्या तुम्ही."

मी चव घेतली. तुला ते आजही सांगायला जिवावर येतंय, पण जिभेवर आधी मेथीचा कडवटपणा आला, मग गूळ, मग तिखट, आणि सगळ्यात शेवटी आपल्या कैरीची सख्खी चुलत बहीण वाटेल असा आंबटपणा. आपल्याकडे चैत्रात कैऱ्या येतात आणि इथे, ऋतू उलटे म्हणून, चैत्रातच सफरचंदं उतरतात, ही साधी गोष्ट मला महिनाभर दिसली नव्हती. ती तुला अंगणात कपडे वाळत घालता घालता दिसली. मी म्हटलं, "ठीक आहे. मेथी जास्त झाली." तू "बरं" म्हणून गेलीस. तू वळलीस आणि मी वाटी बोटानं पुसून काढली.

त्यानंतर दर वर्षी तेच. सफरचंदाची डाळ, सफरचंदाचा टक्कू, थंडीत सफरचंदाचा शिरा. मंडळाच्या बायका डबे घेऊन तुझ्या फाटकाशी. मी दर वेळी "मेथी जास्त झाली" म्हणायची. शिऱ्यालासुद्धा एकदा सवयीनं म्हणाले होते.

दर वर्षी आपण मुलांबरोबर डोंगराकडच्या बागेत सफरचंदं तोडायला जायचो. एका वर्षी तू साडी खोचून शिडीवर चढलीस, वरच्या फांदीवरचं एक फळ हवं म्हणून, आणि शिडी हलली. माझ्या तोंडून निघालं, "कुमुद, उतर खाली! मरशील!" तोवर आपण एकमेकींना 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणत होतो, सोवळ्यातल्यासारख्या. तू वरून खाली बघून हसलीस. "आत्ता कशा माणसात आल्या विहीणबाई." मग ते फळ तोडूनच उतरलीस. त्या दिवसापासून आपण 'तू' झालो आणि भांडणं सोपी झाली.

सगळ्यात मोठं भांडण सालीचं. तू साल काढायची नाहीस. "साल असली की फोड उभी राहते. नाही तं लापशी होते त्याची." मी म्हणायची, साल दातात येते. "दातात? कोणाच्या?" असं म्हणून तू माझ्या कवळीकडे बघायचीस. या भांडणाचा निकाल लागलाच नाही. तू गेलीस त्या दिवशी सकाळीही आपण त्या खोक्याभोवती उभ्या राहून हेच बोलत होतो. मी म्हटलं आजच करून टाक, तू म्हणालीस थांब, राहू दे दोन-चार दिवस. मी म्हटलं सडतील. तू म्हणालीस, "तू नाही सडलीस, ते काय सडतात?" हे तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य. मंडळातल्या त्या रडणाऱ्या बाईला हे सांगायला हवं होतं. म्हणे हसऱ्या होत्या!

तर काल दुपारी मी मृण्मयीकडून तुझ्या फ्लॅटची किल्ली मागून घेतली. मेथांबा तिच्या ओट्यावरही झाला असता. पण मला तुझी शेगडी हवी होती. इतकी वर्षं हवी होती. निखिलनं खोकं उचलून आणून दिलं, आणि मी एकटी तुझ्या ओट्याशी उभी राहिले, मालकिणीसारखी. तुझी कढई, तुझा झारा, तुझी मिसळणाची डबी. मजा वाटेल असं वाटलं होतं. ओटा मला उंच पडतो. तू माझ्यापेक्षा उंच होतीस हे मला इतक्या वर्षांत कधी मान्य करावं लागलं नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. इरानं लांबून तुझं दार उघडं बघितलं असणार. धावत आली. खरोखर धावत, दप्तर आपटत, आणि दारात येऊन मला बघून थांबली. कुमुद, त्या एका क्षणासाठी मी तुझा जितका दुस्वास केला तितका आयुष्यात कुणाचा केला नसेल. माझ्यासाठी हे पोर कधी धावलेलं नाही.

"मी आहे," मी म्हटलं.

"आय नो." मग दप्तर उतरवून, "मी चॉप करू?"

तिला सुरी दिली. मी एक फळ घेऊन सोलायला बसले.

"आजी, साल काढायची नसते."

"असते."

"बॅक आजी नाही काढायची."

"मी फ्रंट आजी आहे."

"याह, वी नो," म्हणाली आणि न सोलता चिरायला लागली. अगदी तुझ्या मापाच्या फोडी. माझ्या सोललेल्या फोडी एका ताटात, तिच्या सालीसकट दुसऱ्यात. मी तेल तापवलं, मोहरी, मेथी, हिंग, हळद. आणि अगदी सहज, फोडणीकडे बघत विचारलं, "बॅक आजी तुला कधी माझ्याबद्दल काही म्हणायची का गं?"

इरा हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

"ती नेहमी विचारायची. तुला वाटी पाठवली ना, की विचारायची, 'बोट चाटलं का?'"

"कुणी?"

"तू! 'फ्रंट आजीनं बोट चाटलं का?' मी डोअरमधून बघायचे आणि तिला सांगायचे, येस, ट्वाइस. मग ती असा डान्स करायची." सुरी खाली ठेवून तिनं दोन्ही हात वर करून तुझा नाच करून दाखवला. "तू पण मला विचारायचीस. यू बोथ वेअर सो वीअर्ड."

माझी मेथी करपायला आली. अगं, तुला ठाऊक होतं? इतकी वर्षं मी "मेथी जास्त झाली" म्हणतेय आणि तू मागे नाचतेयस? आणि मी पढवलेला हेर "नथिंग" म्हणून तोंड मिटून बसायचा, तो तुझा निघाला?

"आणखी काय विचारायची?"

"डिनरचं." इरानं सुरीनं खिडकी दाखवली. "इथून आपलं टेबल दिसतं ना. ती विचारायची, काल रात्री तुम्ही का हसत होतात? काय झालं होतं? मला कधी कधी आठवायचं नाही. मग मी काहीतरी मेक अप करून सांगायचे."

मी गॅस बारीक केला.

मृण्मयी तुला रोज जेवायला बोलवायची. मीही म्हणायची, आधी "या हो", पुढे "ये गं जेवायला." तू म्हणायचीस, "नको, मी मागंच खाऊन घेते." आमच्याकडे नको म्हणजे नको. तुमच्याकडे पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं, आणि तिसऱ्यांदा हाताला धरून ओढायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. निखिलच्या लग्नात अकोल्याला तुमच्या माणसांनी मला आग्रह करकरून श्रीखंड वाढलं होतं, मी पुढे वर्षभर त्याची थट्टा केली. मी एकदाच बोलवायची आणि मला वाटायचं, बघा काय स्वतंत्र बाई! आपली शेगडी, आपली भाजी, आपली मर्जी. तिकडे खिडकीत दिवा लागला की मी जळायची. आणि तू त्याच दिव्याखाली ताट घेऊन आमचं टेबल बघत बसलेली. एकदा ओरडून सांगायचंस ना! अंगणाची रुंदी ती केवढी. मला तुझा हेवा वाटत होता तो तरी वाटून घेतला असता दोघींनी. तुला माझा हेवा वाटतो हे नुसतं कळलं असतं ना कुमुद, तर त्या पेटीएवढ्या खोलीत मी राणीसारखी राहिले असते.

इरा गृहपाठाला आत गेली. मी फोडी घातल्या. ठेवलेली सफरचंदं, आंबटपणा उतरलेला, म्हणून तुझ्याच झाडाचं लिंबू पिळलं. गूळ घातल्यावर ढवळायचं नाही हे तुझं म्हणणं पाळलं. बाहेर अंधारायला लागलं तसा घरात दिवा लागला, आणि टेबल दिसलं. निखिल वाढत होता, मृण्मयी पाणी ओतत होती. इरानं हात वर करून काहीतरी केलं, बहुधा तोच नाच, आणि मृण्मयी आधी हसली, मग तिनं डोळ्यांना पदर नाही, ओढणी लावली. आवाज येत नव्हता. फक्त दिसत होतं.

इरा अंगणातून आली. "आजी, जेवायला चल."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "तुम्ही घ्या, मी नंतर येते."

"नो वरीज," म्हणाली आणि गेली.

कुमुद, गेली! वळूनसुद्धा पाहिलं नाही. नातीनं आजीचा शब्द मानला, त्यात तिची काय चूक. मी तुझ्या खुर्चीत बसले. आत हसतायत, आणि मला का ते कळत नाहीये. तू हे रोज कसं केलंस? मला एक संध्याकाळ झेपलं नाही. पण मी पडले पुण्याची, दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसायची मला सवय नाही. उठले, कढई दोन फडक्यांनी धरली, दिवा लावून ठेवला, आणि आपणहून अंगण ओलांडून टेबलाशी जाऊन बसले. मी जाऊ शकले. त्याचाही तुला हेवा वाटत असेल तर वाटू दे, तो माझा हक्काचा आहे.

मृण्मयीनं एक घास घेतला आणि दुसरी पोळी घेतली. मी इराकडे बघत होते. म्हणजे बघत नव्हते. ताटात बघत होते, जशी ती दारातून बघायची तशी. तिनं फोड उचलली, चावली, विचार केला. मग पाठ ताठ केली, हनुवटी वर, आणि हुबेहूब माझा आवाज काढून म्हणाली, "ठीक आहे. मेथी जास्त झाली."

निखिल खो खो हसला. मृण्मयीही. मीही. आणि सगळे हसत असताना, कुणाचं लक्ष नाही असं बघून, इरानं वाटीच्या कडेनं बोट फिरवलं.

तर हो, कुमुद. चाटलं. दोनदा.

फोड सालीची होती की बिनसालीची, ते विचारू नकोस. मी सांगणार नाही.